लंगडीनं टिपलेलं

आमच्या पेट्रोलपंपावर नकाशा मिळतो, तीन डॉलरला.
जुना वाटावा म्हणून कॉफीचे डाग त्यावर छापूनच येतात.
फुलीपाशी लिहिलंय : इझिकिएल थ्रॅपचं सोनं.
चरबीचा डबा, वीस-वीस डॉलरची नाणी,
नदी ओलांडायच्या आदल्या रात्री जुनिपरच्या बुंध्याशी पुरलेला.
नदीनं माणूस ठेवून घेतला,
बैल परत केले.

सासऱ्यांच्या वेळी नाणी चाळीस होती.
डेल्मर प्रूएट गल्ल्यावर बसायला लागला, तेव्हा चारशे.
मागच्या उन्हाळ्यात बॉइसीहून आलेलं एक पोरगं
दोन हजार म्हणत होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं.
जमिनीत पैसा वाढतो असा.
माझा बँकेत कधी वाढला नाही.

येतात, यंत्रं फिरवतात, खणतात, जातात.
खड्डा बुजवत कुणी नाही.
आशा संपली की फावडं जड होत असावं.
माझी एक गाभण गाय
अशाच एका आशेत पाय मोडून गेली.

नोव्हेंबरात लंगडी कापली.
अंडी बंद झाली होती, आणि थंडी तिला सोसली नसती,
म्हणजे मी स्वतःला असं सांगितलं.
पेटा चिरला : खडे, हिरवी काच, एक छर्रा,
आणि करंगळीच्या नखाएवढा
पिवळा चकता.

एक डॉलर. अठराशे त्रेपन्न.
तेव्हा एवढुशी असायची म्हणे ती नाणी,
हरवायलाच पाडल्यासारखी.
त्यावरच्या बाईचं नाक
लंगडीनं दळून टाकलं होतं.

लंगडी कुठे उकरायची ते मला ठाऊक होतं.
ऑगस्टच्या लोंढ्यानं ओढ्याची दरड कापली, तिथे,
जिथे गाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या अजून दिसतात
संध्याकाळचं ऊन तिरपं असलं की.
गुडघ्यांवर बसले. बोटांनीच माती सारली.
बुटाचं एक बटण.
मग लोकरी कापडाची पट्टी, मातीच्याच रंगाची,
घेराची दुमड असावी,
आणि दुमडीत छोट्या छोट्या खोल्या,
प्रत्येक नाण्याला वेगळी,
चालताना वाजू नये म्हणून.

काय टाके होते!
सगळे एका मापाचे, हलत्या गाडीत घातलेले.
गाडीतल्या कुणाला, कदाचित नवऱ्यालाही
तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.
ज्यांनी पुरलं, त्यांना तर नाहीच.
नाहीतर घागरा असा कुणी सोडला असता?

सासू सांगायची, वाटेत कुणी गेलं
तर वाटेवरच पुरायचे, मधोमध,
आणि सगळ्या गाड्या वरून न्यायचे
लांडग्यांना माग लागू नये म्हणून.
दगड नाही, नाव नाही.
फक्त पुढे जाणं,
तिच्यावरून.

अंधार पडेपर्यंत मी तिथेच होते.
मोजली नाहीत. खोटं कशाला,
अकरापर्यंत मोजली, मग हात थांबले.
माती लोटली, दरडीला दगड लावले,
पिकअप आणली
आणि चाकोरीतून पुढे-मागे नेली,
चारदा, पाचदा,
दिवे न लावता.

ते एक मात्र परत ठेवलं नाही.
कोंबडी माझी होती.

शनिवारी अंडी घेऊन पंपावर गेले.
डेल्मर म्हणाला, “तुझ्या बाजूला काय विशेष?
चाकांचे ताजे माग दिसतात.”
म्हटलं, “दरड ढासळते आहे. कोल्ह्यानं बीळ केलंय.”
तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.
मग मी नकाशा घेतला. तीन डॉलर मोजून दिले,
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी टेबलावर पसरला, कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली.
फुलीपासून आमचा ओढा दीड मैल,
मध्ये टेकडी.
बरं आहे.
थ्रॅप, बाबा,
तुझा डबा आहे तिथेच असू दे,
आणि नाण्यांचे होऊ देत
पाच हजार.